गर्दी कमी करा!

"नुसतं कंपनीचं नाव म्हणायचं?" आत्तीने विचारलं.

"एवढंच. 'खटका रेकॉर्ड्स, मिरज.' जरा ठासून म्हण."

"आणि ते कपाटात तोंड घालून?"

"हो."

आत्तीने आधी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कपाट तिचं, आतल्या साड्या तिच्या, त्या साड्यांच्या मधोमध टांगलेला माईक तेवढा आमचा. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, कपड्यांत घुमत नाही, एवढं शास्त्र आम्हाला कळलं होतं. स्टुडिओ बांधायची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही तिचं कपाट उघडलं होतं.

"जन्मभर बाळंतपणं केली," ती म्हणाली, "पण साड्यांना बोलून दाखवायची वेळ आली नव्हती."

ती कपाटासमोर उभी राहिली. इलियासने पंखा बंद केला. एप्रिलची दुपार होती आणि खोलीत आम्ही चौघं. आत्तीने घसा साफ केला आणि एसटीची वेळ सांगावी तसं सपाट आवाजात म्हणाली, "खटका रेकॉर्ड्स, मिरज."

"जरा जोर हवा, सिस्टर," इलियास म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. इलियास आणि भरतेश कपाटाच्या दोन्ही बाजूंनी माना लांब करून बघायला लागले, आणि तिसऱ्या वेळी भरतेशला हसू फुटलं. आत्ती गर्रकन वळली.

"ए, गर्दी कमी करा!"

दोघे धाप्पदिशी मागच्या भिंतीवर आपटले. वॉर्डात पेशंटभोवती जमलेल्या नातेवाइकांना घालवायचा आवाज होता तो, आणि नोकरी संपून चार उन्हाळे गेले तरी त्याची धार गेली नव्हती. माझा लॅपटॉप चालूच होता. मी ते परत लावून ऐकवलं. जाड, खर्जातला, खणखणीत आवाज. इलियास म्हणाला, "झालं. हेच घ्यायचं."

"हा माझा आवाज?" आत्तीने विचारलं.

"तुझाच."

तिने भुवया वर केल्या. "असू दे मग. चोर असला तर पळून जाईल."

आज खटका रेकॉर्ड्सचं बरं चाललंय. नाचायची गाणी आणि मराठी रॅप म्हटलं की लोक आमचं नाव घेतात, आणि मुलाखत घ्यायला येणारी पोरं हमखास विचारतात, सुरुवात कशी झाली? मी त्यांना मिरजेच्या संगीताच्या परंपरेवर काहीतरी बोलून दाखवते. ते छापायला बरं पडतं. खरी सुरुवात त्या कपाटापाशी झाली, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात कंपनी राहते की जाते यापेक्षा आत्ती माझ्याशी पुन्हा बोलते की नाही, याचीच मला जास्त धास्ती होती.

आत्ती म्हणजे अक्काताई मगदूम, माझ्या वडिलांची थोरली बहीण. दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. निम्मी मिरज तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे बाजारात भाजीवालाही तिला सिस्टर म्हणे. लग्न केलं नाही. मी जयसिंगपूरहून कॉलेजला आले ती तिच्याकडेच राहिले, आणि कॉलेज संपल्यावरही तिने मला परत पाठवलं नाही. माझे वडील म्हणत, "पोरीला लाडावून ठेवलंयस." आत्ती म्हणे, "व्हय, ठेवलंय." विषय संपला. तिने मला पुढची खोली दिली, भिंतींना लावायला वाकळा दिल्या, आणि वर चहा. आई-वडिलांना जे कधी सांगितलं नाही ते सगळं मी तिला सांगत असे.

कंपनीत आम्ही तिघं. ताल आणि बाकीचं वाजवणं माझं, लॅपटॉपवर. शब्द इलियासचे. तो सतारी करणाऱ्यांच्या घरातला, कान तयार, पण लाकूड घासायला लागणारा धीर अंगात नाही. तिसरा भरतेश चौगुले. त्याची डॉल्बी होती. वरातीत ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर चढवतात त्यांना आमच्याकडे डॉल्बी म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचे असोत. भरतेशला सुरातलं कळत नव्हतं, पण कोणत्या गाण्याला लोकांचे पाय उचलतील ते त्याला बरोबर कळायचं.

त्या काळात गाणं करण्यापेक्षा ते राखणं अवघड होतं. डॉल्बीवाल्याला नवं गाणं ऐकायला द्यावं, तर संध्याकाळपर्यंत ते साऱ्या जिल्ह्यात फुकट फिरे. म्हणून सगळेच एक युक्ती करत. ऐकायला द्यायच्या नमुन्यात मधेमधे कंपनीचं नाव ओरडून घालायचं. सौदा ठरला की मगच स्वच्छ गाणं द्यायचं. नव्या गुळाची ढेप शेजारी चाखायला पाठवतात, तसा हा आमचा वानवळा. आत्तीचा आवाज त्या वानवळ्यासाठी होता. तो फक्त पाच-दहा डॉल्बीवाले ऐकतील, बाहेर जाणार नाही, असं मी तिला सांगितलं होतं आणि मला तसंच वाटतही होतं.

गाणं मात्र खरंच भारी झालं होतं. इलियासने पहिल्यांदाच स्वतःच्या घरावर लिहिलं होतं:

अब्बाची तार आणि माझा हा बास,
एकाच गल्लीत दोघांचा वास,
तो म्हणतो ऐका, मी म्हणतो नाचा,
सुकल्या भोपळ्याला फुटली वाचा!

सतारीचा भोपळा वाळलेला असतो, त्यावरून. ही शेवटची ओळ सुचली तेव्हा तो दर्ग्यापासून माझ्या घरापर्यंत पळत आला होता. लोकांनी त्या ओळीसाठीच गाणं पुन्हा लावावं, अशी ती ओळ होती. म्हणूनच वानवळ्यात मी आत्तीला नेमकं त्या ओळीवर बसवलं. दागिना असतो तिथंच कुलूप लावतात.

लग्नसराई तोंडावर होती. आम्ही ठरवलं, स्वच्छ गाणं थेट मोबाईलच्या दुकानांत द्यायचं. तेव्हा लोक दुकानात जाऊन मेमरी कार्डात गाणी भरून घेत. भरतेश पेन ड्राइव्ह खिशात टाकून मोटरसायकलवरून निघाला, मिरज, सांगली, कुपवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी करून उन्हाने काळा होऊन आला. "सगळीकडं देऊन आलो," म्हणाला, आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी आणि इलियास मार्केटपाशी भेळ खात उभे होतो. लांबून वरात येत होती. मला माझाच ताल ऐकू आला आणि हातातली भेळ हातातच राहिली. स्वतःचं गाणं रस्त्यावर पहिल्यांदा ऐकणं म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. मी इलियासचा दंड धरला. त्याचे डोळे चमकत होते. तो पुटपुटत होता, "आता बघ. आता माझी ओळ येती."

तो म्हणतो ऐका, मी म्हणतो नाचा...

"ए, गर्दी कमी करा!"

भिंतीएवढ्या स्पीकरमधून आत्ती गरजली. अख्खी वरात एका उडीत मागे सरकली, मध्ये मोकळं रिंगण पडलं. नवऱ्याचा घोडाही दोन पावलं मागे गेला. मग सगळे आरडत पुन्हा आत घुसले, आणि पुढच्या "गर्दी कमी करा"ची वाट बघत नाचू लागले. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"माझी ओळ!" इलियास म्हणाला. "पद्मी, माझी ओळ कुठाय?"

मी भरतेशला फोन लावला.

"तू कुठलं गाणं दिलंस दुकानांत?"

"आपलंच की."

"आत्तीचा आवाज आहे त्याच्यात!"

"मग?" भरतेशला काही कळेना. "तो गाण्यातलाच हाय न्हवं? मला तर तोच लई आवडला. आणि पब्लिकला बी. अगं, इचलकरंजीत नुसता धुरळा उडालाय!"

वानवळाच त्याने गावोगाव वाटला होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं. गाणं बाजूला आणि कुलूपच लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

घरी पोचते तोवर वडिलांचा फोन. "पद्मजा, काय चालवलंयस? इथं वरातीत दारू पिलेली पोरं आक्काच्या आवाजावर नाचायला लागल्यात. जिच्या हातावर त्यांचा जन्म झाला तिच्या! तिला कळलं तर तोंड बघणार नाही तुझं."

ते मला खरं वाटलं. आत्तीला गावात मान होता. तिच्या समोर पुरुष माणसं विडी विझवत. आणि मी तिला सांगितलं होतं, बाहेर जाणार नाही.

इलियासचं म्हणणं वेगळं होतं, पण उपाय एकच. "साफ गाणं वाटायचं. आजच्या आज. जुनं काढून टाका म्हणून सांगायचं. जन्मात एक ओळ बरी सुचली, ती तुझ्या आत्तीनं खाल्ली."

"हळू बोल, ती आत आहे."

"हाय का? दुपारी तर बाजारात होत्या."

खरं म्हणजे ते माझ्याही लक्षात आलं होतं. त्या दोन दिवसांत आत्ती सारखी बाजारात जात होती. सकाळी मेथी आणली, दुपारी कढीपत्ता आणला, संध्याकाळी पुन्हा मेथी. तीही इस्त्रीची साडी नेसून. घरात मेथीचा ढीग साचला, आणि ती निवडताना स्वतःशीच गालात हसत होती. मला वाटलं, बिचारीला अजून काही कळलेलं नाही. कळायच्या आत आवरायला हवं.

तिघांनी दोन गाड्या घेऊन पुन्हा सगळा फेरा केला. दुकानदार कुरकुरले, पण आम्ही ऐकलं नाही. जुनं पुसलं, नवं भरलं. परत येताना अंकलीच्या पुलावर थांबून आम्ही उसाचा रस प्यालो. इलियास खूश होता. त्याची ओळ मोकळी झाली होती, माझी आत्ती वाचली होती. मला वाटलं, बला टळली.

दुसऱ्या दिवशी आत्ती बाजारातून लवकर परतली. पिशवी रिकामी होती. चप्पल काढली, न बोलता स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, "चहा करतेस?" उत्तर नाही. रात्रीची भाकरी ताटात वाढून झाकून ठेवली आणि झोपली. सकाळीही तोच प्रकार. आत्तीला रागावलेलं मी पुष्कळदा बघितलं होतं. ती रागावली की घर दणाणायचं. ही न बोलणारी आत्ती मला ओळखीची नव्हती आणि मला तिची भीती वाटू लागली. तिसऱ्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "पुढची खोली रिकामी करा. कपाट मला लागणार हाय."

"आत्ती, काय झालं?"

"काय न्हाई."

ती आत गेली. मी वाकळा लावलेल्या भिंतीकडे बघत बसले आणि मला रडू आलं. खोली गेली तर दुसरी मिळाली असती. आत्ती दुसरी कुठून आणणार होते?

मी इलियासला आणि भरतेशला बोलावून घेतलं. ठरलं की लपवण्यात अर्थ नाही, समोर बसवून सगळं सांगायचं. आत्ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली, हात मांडीवर. मी सगळं सांगितलं. वानवळा चुकून कसा गेला, वरातीत कसा वाजला.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"पण आता काळजी नको, सिस्टर," इलियास घाईघाईने पुढे झाला. "आम्ही सगळीकडनं काढलाय. गावोगाव फिरून काढलाय. ऐका, आता तुमचा एक शब्द न्हाई त्यात." आणि त्याने मोठ्या हौसेने स्वच्छ गाणं लावलं. ओळ आली, लख्ख, सुटी: सुकल्या भोपळ्याला फुटली वाचा.

"बघा! हाय का कुठं?"

आत्ती उठली आणि आत निघून गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आगीतून निघून फुफाट्यात पडलो होतो, आणि फुफाटा कशाचा तेच कळत नव्हतं.

"आता कसं सांगू तुमाला," भरतेश हळूच म्हणाला. "मी दुसरंच सांगायला आलतो. साफ गाणं कुणी घेईना झालंय. दुकानात पोरं म्हणत्यात, ह्यात सिस्टर न्हाई, हे बोगस हाय. आमाला सिस्टरवालं द्या. माज्या पुढच्या वरातीचा नवरा काय म्हणाला, सिस्टर वाजली न्हाई तर डॉल्बी परत न्यायची. त्येला म्हणं आपल्या सिस्टरनीच जन्माला घातलाय, सिस्टर वरातीत पाहिजेच."

आतलं दार उघडलं. आत्ती उंबऱ्यावर होती.

"कुणाचा रं नवरा?"

"कुंभारांचा बंडू. खणभागातला."

"पायाळू होता," आत्ती म्हणाली. "लई दमवलंतं त्यानं." मग ती माझ्याकडे वळली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला तिचा नेहमीचा आवाज ऐकू आला. "लोकांस्नी पाहिजे हाय, तर मग काढलासा कशाला मला?"

आता मला उमगलं. त्या मेथीच्या जुड्या, ती इस्त्रीची साडी! ती स्वतःला ऐकायला बाजारात जात होती. आणि एका सकाळी गेली तर गाणं तेच, आणि ती नाही.

"मला वाटलं तुला लाज वाटेल," मी म्हणाले.

"मला विचारलंस?"

"नाही."

"मग?"

इलियास डोकं खाजवत उभा होता. त्याच्या बाजूने तिढा सुटला नव्हता. आत्ती परत आली तर त्याची ओळ जाणार होती. आत्तीच्या ते लक्षात आलं. तिने त्याला जवळ बोलावलं.

"तुझी वळ बी चांगली हाय. ती गेली न्हाई पाहिजे. तू आधी तुझी वळ म्हण, मी मागनं लोकांस्नी हाकलते. आलं का ध्यानात? वॉर्डात बी असंच. आधी डॉक्टरनी बोलायचं, मग मी."

एवढं साधं होतं ते. तीन शिकलेल्या माणसांना सुचलं नव्हतं. इलियास इतका खूश झाला की म्हणाला, "सिस्टर, मग ती ओळ बी तुम्ही माझ्यासंगं म्हणा! दोघांच्या आवाजात. नुसतं रान पेटंल."

"मी? गाण्यातली?"

"व्हय की."

ती साडीचा पदर खोचून कपाटासमोर जाऊन उभी राहिली. मी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, कानांना हेडफोन लावले. इलियास तिच्या शेजारी. ताल सुरू झाला. दोघांचे ओठ हलले. ओळ संपली आणि मागोमाग आत्तीने "गर्दी कमी करा" म्हटलं ते असं की हेडफोन काढावे लागले.

परत लावलं. ओळीत फक्त इलियास होता.

"आत्ती, जरा माईककडे तोंड कर."

पुन्हा घेतलं. मी नीट बघत होते. तिचे ओठ हलत होते, शब्दन्‌शब्द बरोबर, आणि येत होता फक्त इलियासचा आवाज. मला वाटलं, वायर सैल झाली. मी वायर बदलली. इलियासला गप्प बसवून तिला एकटीला म्हणायला लावलं. ती डोळे मिटून, मान डोलावत ओळ म्हणत होती, आणि पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ होती. खोलीत एवढी शांतता की साडीची सळसळ ऐकू यावी.

"आत्ती," मी म्हणाले, "तू म्हणतच नाहीयेस."

तिने डोळे उघडले. "म्हणाले की."

"आवाज नाही निघाला."

ती गोंधळली. गळ्याला हात लावला. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि ती कपाटाच्या कडेला टेकून खाली बसली.

"सवय," ती म्हणाली.

"कसली सवय?"

"शाळेत समूहगीताला घेतलंतं मला. उंच होते म्हणून मागच्या रांगेत. मास्तर सगळ्यांस्नी ऐकत ऐकत आले, माझ्यापाशी थांबले. म्हणाले, मगदूम, तुझा आवाज बाप्या माणसाचा हाय. काढून टाकत न्हाई तुला, पण तू नुसते ओठ हलव." ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "हलवले. चांगले हलवले. बक्षीस बी मिळालं आमच्या शाळेला. मग तसंच पडलं. बस्तीत देवापुढं स्तवन असू दे, लग्नातली मंगलाष्टकं असू देत, चारचौघांत म्हणायचं म्हटलं की ओठच हलत्यात. मला वाटतंय मी म्हणायलेय. वॉर्डात तेवढा निघायचा आवाज. तिथं माणसं हाकलायचीच होती, तिथं चालत होता."

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून आरत्या म्हटल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि त्या मास्तरांचा असा राग आला की ते समोर असते तर मी त्यांना कपाटात कोंडलं असतं.

इलियास तिच्यासमोर उकिडवा बसला.

"सिस्टर, एक करूया. तुम्ही हळूच म्हणा. माझा आवाज मोठा हाय. माझ्या आवाजात तुमचा झाकून जातोय. कुणाला कळणार बी न्हाई तुम्ही म्हणालासा ते."

"तू मोठ्यानं म्हणशील?"

"भिंत पडंल एवढ्यानं."

"झाकशील?"

"अल्लाची शपथ."

ती उठली. दोघे पुन्हा कपाटासमोर उभे राहिले, ती पुढे, तो तिच्या खांद्यामागे. तिने डोळे घट्ट मिटले. मी ताल सोडला. इलियासने छाती भरून श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

तो म्हणतो ऐका, मी म्हणतो नाचा...

मी पडद्याकडे बघत होते. रेघ हलली. आधी बारीक थरथरली, मग उसळली. हेडफोनमध्ये एक जाड, घोगरा, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा आवाज होता. दुसरा नव्हता. मी चमकून वर बघितलं. इलियासचं तोंड सताड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मान डोलत होती, आणि त्याच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता. दर्ग्यापासून पळत येऊन मला ऐकवलेली, जिच्यासाठी तो गावोगाव उन्हात फिरला होता ती ओळ तो नुसती ओठांनी म्हणत होता.

सुकल्या भोपळ्याला फुटली वाचा!

ओळ संपली. भरतेशने तोंड फिरवून डोळे पुसले. मला स्क्रीन धूसर दिसत होती.

"आला?" आत्तीने डोळे न उघडताच विचारलं.

"आला," मी म्हणाले.

"लाव बघू."

मी स्पीकरवर लावलं. आत्ती कान देऊन ऐकत होती. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही, कपाळाला आठी पडली. ओळ संपल्यावर ती इलियासकडे वळली.

"तुझा कुठाय रं?"

"हाय की, सिस्टर," इलियास म्हणाला. "मागं उभा हाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या अंगातला शर्ट घामाने चिंब झाला होता आणि तो जमिनीकडे बघून हसत होता. तिने हात उचलला, मला वाटलं आता चापट मारते, पण तिने त्याच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

मग ती खिडकीपाशी गेली. मी आवाजासाठी लावून घेतलेली दोन्ही दारं तिने रस्त्याच्या बाजूला सताड उघडली. बाहेर कुणीतरी सायकल थांबवून वर बघितलं.

"हं, आता लाव," आत्ती म्हणाली. "मोठ्यानं."